स्टँडबाय बॉयलरची उष्णता जाते कुठे?

बॉयलर हाउसमध्ये नवीन लागलो तेव्हा जोडीतला चालू बॉयलर सांभाळला की झालं, अशी माझी समजूत होती. दुसरा स्टँडबाय, म्हणजे गरज लागली तर म्हणून ठेवलेला. त्याचा बर्नर बंद, मग त्याच्याकडे बघायचं काय?

पहिली अद्दल त्यानंच घडवली. शनिवारी तो बंद केला आणि एअर व्हेंट (वरची हवेची झडप) न उघडताच मी घरी गेलो. सोमवारी बघतो तर गेज ग्लास (पाण्याची पातळी दाखवणारी काच) वरपर्यंत भरलेली, पाण्याची रेघच दिसेना. त्याला पाणी देणारा फीड पंप तर बंद होता! सीनियरनी काही न बोलता व्हेंट किंचित उघडला. फुस्स आवाज आला, पण हवा बाहेर येत नव्हती, आत शिरत होती. बॉयलर गार होताना वाफेचं पाणी झालं. वातावरणाच्या दाबाला वाफ पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा व्यापते, तेवढी जागा रिकामी झाली आणि गळक्या चेक व्हॉल्व्हमधून (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) फीड टँकचं पाणी आत ओढलं गेलं. तसाच पेटवला असता तर पाणी स्टीम लाइनमध्ये जाऊन वॉटर हॅमर, म्हणजे वाफेनं ढकललेल्या पाण्याचा पाइपला दणका, बसला असता. बॉयलर गार करायचा असेल तर प्रेशर शून्याजवळ आलं की व्हेंट उघडायचा. पेटवतानाही उघडाच ठेवायचा. हवा निघून वाफेची सलग धार लागली की बंद.

बर्नर बंद, पण प्रेशरवर ठेवलेल्या गरम स्टँडबायचं दुखणं वेगळं. 7 किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) प्रेशरला आतलं पाणी 170 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. लॅगिंग (उष्णता रोखणारं वेष्टन) धड असेल तर अंगातून उष्णता थोडीच जाते. खरी चोर चिमणी. बर्नर थांबला तरी तिची ओढ चालूच राहते. थंड हवा इनलेटमधून शिरते, ट्यूबमधून तापत वर निघून जाते. बंद बर्नरच्या इनलेटपाशी टिश्यू पेपरची पट्टी धरून बघा. आत ओढली गेली तर डॅम्पर (हवेची वाट अडवणारी झडप) नीट बसत नाहीये. मग प्रेशर उतरतं, बर्नर पुन्हा लागतो, आणि लागण्याआधी भट्टी झाडून काढणारी पर्जची हवा आणखी उष्णता घेऊन जाते.

डॅम्पर घट्ट बसवून घ्या, पण बर्नरशी इंटरलॉक (डॅम्पर उघडल्याशिवाय बर्नर पेटूच न देणारी जोडणी) असल्याशिवाय तो बंद ठेवू नका. बंद डॅम्परवर बर्नर पेटला तर धूर बॉयलर हाउसमध्ये येतो, भट्टीत स्फोटही होऊ शकतो. चिमणी दोघांची एकच असेल तर चालू बॉयलरचा धूर बंद बॉयलरमध्ये शिरू शकतो, तेही तपासा. खालच्या ड्रममध्ये स्टीम कॉइल असेल तर चालू बॉयलरच्या वाफेवर दुसरा गरम ठेवता येतो, बर्नर सारखा लावावा लागत नाही. कंटिन्यूअस ब्लोडाउन (क्षार कमी ठेवायला सतत थोडं पाणी सोडणं) बंद करा. वाफ निघतच नाही तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढणार कसा? उगाच गरम पाणी गटारात.

प्रेशर 7 वरून 5 वर यायला किती वेळ लागला, हे लॉगबुकात लिहीत जा. ते अजिबात उतरत नसेल तर खूश होऊ नका. मेन स्टीम व्हॉल्व्ह पास होत (बंद असूनही गळत) असेल, म्हणजे चालू बॉयलरची वाफ आत येऊन तिचं पाणी साठत असेल. आधी गेज ग्लास बघा.