त्वचा पारदर्शक करून वर्णपट घेताय? या चुका टाळा

त्वचेत तांबडा आणि जवळचा अवरक्त प्रकाश अडतो तो मुख्यतः शोषणामुळे नव्हे, तर विखुरल्यामुळे. कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो, त्याचं माप) साधारण १.४३ ते १.४७, त्यांच्या भोवतीच्या द्रवाचा १.३५ च्या आसपास. या फरकामुळे प्रकाश तंतूतंतूवर वळत राहतो. त्वचा पारदर्शक करायला वापरतात त्या ग्लिसरॉल या दाट द्रवाचा अपवर्तनांक १.४७. ते आत मुरलं की फरक कमी होतो आणि प्रकाश खोलवर पोचतो. तत्त्व एवढंच. पण नंतर वर्णपटात, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती आला याच्या आलेखात, दिसणारा बदल पारदर्शकतेचाच आहे, असं आपण फार लवकर धरून चालतो.

डुकराच्या त्वचेचा तुकडा ग्लिसरॉलमधून काढून आलेख कागदावर ठेवला आणि खालच्या रेघा दिसू लागल्या, तेव्हा मीही हरखून गेले होते. मग लक्ष गेलं कडांकडे. त्या वर वळल्या होत्या, तुकडा आखडला होता आणि वजनही घटलं होतं. दाट द्रावणाने पाणी ओढून घेतलं होतं. पाणी गेलं की तंतू जवळ येतात, जाडी कमी होते आणि नुसत्या तेवढ्यानेही ऊतक पारदर्शक दिसतं. अशा तुकड्यात 'कोलॅजनचा सिग्नल वाढला' म्हणणं चूक आहे, कारण तेच कोलॅजन आता कमी जागेत दाटलेलं असतं. म्हणून आधी आणि नंतर जाडी व वजन मोजाच. ९७० नॅनोमीटरजवळचा पाण्याचा शोषणपट्टाही पाहा. सोबत एक तुकडा सलाइनमध्ये आणि एक नुसता हवेत वाळत ठेवा. हवेतला तुकडाही पारदर्शक होत गेला, तर श्रेय ग्लिसरॉलच्या खात्यात घालता येत नाही.

रामन वर्णपट (विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून रेणू ओळखण्याची पद्धत) घेणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. ग्लिसरॉलला स्वतःची शिखरं आहेत: ८५०, १०५५ आणि १४६५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास. कोलॅजनमधल्या प्रोलीन या अमिनो आम्लाचं शिखर ८५५ ला येतं, म्हणजे अगदी त्याच्या मांडीला मांडी लावून. शुद्ध ग्लिसरॉलचा वर्णपट सरसकट वजा करूनही भागत नाही, कारण खोलीप्रमाणे त्याचं प्रमाण बदलतं. फिनाइलअ‍ॅलनिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचं १००३ चं शिखर आधार म्हणून घ्या. त्याहून बरं म्हणजे, ज्याची शिखरं तुमच्या शिखरांवर बसत नाहीत असं द्रव्य निवडा.

परावर्तित प्रकाश मोजताय? मग सिग्नल घटला म्हणून घाबरू नका. विखुरणं कमी झालं की परत येणारा प्रकाशही कमी होतो. त्याला 'शोषण वाढलं' म्हणू नका. प्रकाशाने ऊतकात कापलेलं अंतरही आता बदललेलं असतं, त्यामुळे जुनंच अंतर धरून काढलेलं हिमोग्लोबिनचं प्रमाण चुकतं.

कापलेल्या त्वचेला लागलेली मिनिटं जिवंत त्वचेला लावू नका. कापलेल्या तुकड्यात द्रावण खालून, थेट आतल्या थरात शिरतं. जिवंत त्वचेवर मात्र मृत पेशींचा वरचा थर आडवा येतो. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर, पण त्याच्यासमोर ग्लिसरॉल हात टेकतं. चिकटपट्टीने तो थर विरळ करणं, सूक्ष्म सुया, द्रावण आत शिरायला मदत करणारं प्रोपिलीन ग्लायकॉल असे मार्ग आहेत, पण त्यांचा स्वतःचाही परिणाम होतो. तोही वेगळा मोजावा लागतो.

२०२४ मध्ये टार्ट्राझिन या पिवळ्या खाद्यरंगाने उंदरांची त्वचा पारदर्शक झाल्याचं वाचून अनेकांनी तो हाताशी घेतला. हा रंग निळा प्रकाश जोरात शोषतो आणि त्यामुळेच तांबड्या भागात पाण्याचा अपवर्तनांक वाढतो. म्हणजे फायदा तांबड्यात. हिमोग्लोबिनचा ४१५ नॅनोमीटरजवळचा पट्टा पाहायचा असेल, तर रंग नेमका तोच झाकतो. माणसाची त्वचा उंदरापेक्षा बरीच जाड असते, आणि स्वतःच्या हातावर हा प्रयोग करू नका, हे मी कळकळीने सांगते.

प्रोब (त्वचेला टेकवायचं मोजणीचं टोक) दाबून धरणं ही चूक सर्वांत साधी, तरी सगळ्यांच्या हातून होते. दाबाने रक्त आणि पाणी बाजूला सरकतं आणि द्रव्य न लावताही त्वचा थोडी पारदर्शक होते. प्रोब स्टँडवर धरा, द्रव्य न लावलेल्या शेजारच्या जागीही तेवढाच दाब द्या आणि प्रोब व त्वचेमध्ये जेल लावलं असेल, तर त्यात हवेचा बुडबुडा राहिला नाही ना, ते पाहा.

शेवटी द्रव्य पुसून तीच जागा सलाइनने भिजवा आणि पुन्हा वर्णपट घ्या. तो मूळपदाला येत असेल तर ठीक. नाही आला, तर ऊतकालाच इजा झाली असण्याची शक्यता आहे. ती तपासल्याशिवाय ते मोजमाप वापरू नका.