ज्युनिअर केजीचे पहिले दोन आठवडे

मुंबईत बहुतेक शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणजे ऐन पावसात. रेनकोट टिचबटणांचा घ्या. ओल्या हातांनी चेन अडकते. बुटांना लेस नको, वेलक्रो हवा. दप्तरात चड्डीसकट कपड्यांचा जादा जोड ठेवा. बाटलीवर नाव घाला, वर्गात तशाच निळ्या बाटल्या चारपाच असतात.

डब्याची तालीम घरीच करा. झाकण मुलाला स्वतः उघडता यायला हवं. घट्ट क्लिपांचा महागडा डबा तसाच भरलेला परत येतो आणि आपण म्हणतो, पोरगं शाळेत खात नाही! अर्ध्या पोळीचा तूप-गुळाचा रोल पुरे.

पहिल्या दिवशी न रडलेलं मूल तिसऱ्या-चौथ्या दिवशी भोकाड पसरू शकतं. नवलाई संपलेली असते. ‘डबा खाऊन झाला, गाणी झाली की आजी येईल’ असं सांगून लगेच निघा. नजर चुकवून सटकलात तर दुसऱ्या दिवशी ते हात सोडणार नाही. खिडकीतून डोकावणंही नकोच.

शू लागली की बाईंना काय म्हणायचं, ते शिकवा. पहिल्या पावसाळ्यात सर्दी-ताप होतोच. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल, तरच पाठवा.