ट्रकच्या केबिनमध्ये रात्र कशी काढावी: ऐकीव गोष्टी आणि पाळायचे नियम

लांब पल्ल्याच्या चालकांमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते. रात्री चोर येतात, केबिनच्या फटीतून गुंगीचा वायू आत सोडतात, आणि चालक सकाळी जड डोक्याने उठतो तेव्हा पाकीट आणि मोबाइल गेलेले असतात. युरोपात ही समजूत इतकी पसरली की ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या ‘रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्स’ या संस्थेला २०१४ मध्ये तिच्यावर निवेदन काढावे लागले. झोपलेल्या माणसाला खिडकीतून ईथर, क्लोरोफॉर्म किंवा आज वापरात असलेले भुलीचे कोणतेही वाफरूप औषध सोडून नकळत बेशुद्ध करता येणार नाही, असे या संस्थेचे मत आहे. कारण समजायला अवघड नाही. शस्त्रक्रियागृहात औषध मुखवट्यातून किंवा नळीतून थेट श्वासात जाते, आणि तरीही त्याचे प्रमाण क्षणोक्षणी पाहावे लागते. संपूर्ण केबिनची हवा त्या प्रमाणाला आणायची तर औषध मोठ्या प्रमाणात लागेल, आणि ईथरचा उग्र वास झोपलेल्यालाही खोकत उठवेल. सकाळचे जड डोके खरे असू शकते, पण त्याला अपुरी झोप आणि कोंदट हवा ही साधी कारणे पुरतात.

गंमत अशी, की या गोष्टीवर विश्वास ठेवून केबिनच्या हवेच्या जाळ्यांवर चिकटपट्टी लावणारा चालक पुष्कळदा इंजिन मात्र रात्रभर चालू ठेवून झोपतो. केबिनमध्ये शिरून जीव घेणारा वायू त्याच्या स्वतःच्या सायलेन्सरमधून येऊ शकतो. म्हणून पुढे सांगितलेल्या पायऱ्यांमध्ये चोरापेक्षा धुराला, आणि धुराइतकेच गाडी उभी करण्याच्या जागेला, अधिक महत्त्व दिले आहे.

पहिली पायरी: झोप येण्याआधी जागा ठरवावी

“डोळे मिटायला लागले की लावू कुठेतरी,” हा विचारच चुकीचा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. म्हणजे चार सेकंदांची डुलकी लागली, तर जवळजवळ ९० मीटर गाडी कोणीही चालवत नसते. काच उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे या उपायांनी काही मिनिटे हुशारी वाटते, झोपेची गरज मात्र तशीच राहते. त्यामुळे निघण्यापूर्वीच थांबण्याची एक जागा आणि ती भरलेली निघाल्यास पुढची दुसरी जागा ठरवून ठेवावी, आणि संध्याकाळी जागा भरण्यापूर्वी तिथे पोहोचावे.

महामार्गाच्या साइडपट्टीवर झोपू नये. मागून येणाऱ्या पेंगुळलेल्या चालकाला उभ्या ट्रकचे मागचे दिवे चालत्या ट्रकचे वाटतात, आणि तो त्यांच्याच रोखाने येतो. बिघाडामुळे तिथे थांबावेच लागले तर धोक्याचे दिवे आणि लाल त्रिकोण लावून, रहदारीपासून दूर, गाडीच्या बाहेर थांबावे. ओसाड, बंद पडलेली जागाही तितकीच वाईट. अमेरिकेत २००९ मध्ये माल उतरवण्याच्या वेळेआधी पोहोचलेला जेसन नावाचा एक चालक बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर विश्रांती घेत असताना लुटारूने त्याचा खून केला. त्यानंतर ट्रकसाठी सुरक्षित वाहनतळ वाढवण्याची तरतूद तेथे २०१२ मध्ये ‘जेसन्स लॉ’ या नावाने कायद्यात आली. चोराची भीती बाळगायचीच असेल तर ती इथे बाळगावी. उजेड, माणसांची ये-जा आणि पहारा असलेली जागा हे दाराच्या कुलपापेक्षा मोठे संरक्षण आहे.

गाडी लावताना तिचे तोंड बाहेर पडण्याच्या दिशेला ठेवावे. शक्य असेल तर मालाची मागची दारे भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला जवळजवळ टेकतील अशी ती उभी करावी, म्हणजे दारे उघडायला जागाच उरत नाही. माल थंड ठेवणाऱ्या गाडीशेजारी उभे राहण्याचे टाळावे, कारण तिचे यंत्र रात्रभर सुरू-बंद होत राहते आणि त्याचा धूरही शेजाऱ्याकडे येतो. बर्थ, म्हणजे केबिनमधील झोपण्याची जागा, साधारणपणे गाडीच्या रुंदीच्या दिशेने असते, त्यामुळे जमीन एका बाजूला जराशी कललेली असली तरी डोके खाली आणि पाय वर होतात. अर्धी भरलेली पाण्याची बाटली बर्थवर लांबीच्या दिशेने आडवी ठेवून पाहावी: पाणी ज्या टोकाला जमेल ते टोक खालचे, म्हणून उशी त्याच्या विरुद्ध टोकाला घ्यावी. शेवटी हँडब्रेक लावून चाकांखाली ठोकळे सरकवावेत.

दुसरी पायरी: विश्रांतीचे तास नियमाने मोजावेत

“केबिनमध्ये झोपणे बेकायदा आहे” आणि “केबिनमध्ये कितीही दिवस राहता येते” ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. युरोपीय संघात दिवसाला ९ तास, आणि आठवड्यातून दोनदा १० तास, गाडी चालवता येते. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांचा खंड घ्यावा लागतो, आणि रोजची सलग विश्रांती ११ तासांची असते, जी दोन साप्ताहिक विश्रांतींच्या मध्ये तीन वेळा ९ तासांवर आणता येते. रोजची ही विश्रांती केबिनमध्ये घेता येते, मात्र गाडी उभी हवी आणि झोपण्याची योग्य सोय हवी. याउलट ४५ तासांची नियमित साप्ताहिक विश्रांती गाडीत घेण्यास मनाई आहे. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये तसा निर्णय दिला, आणि २०२० च्या नियमांत ही मनाई स्पष्ट शब्दांत लिहिली गेली.

अमेरिकेत सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या कालावधीत जास्तीत जास्त ११ तास चालवता येते. सप्टेंबर २०२० पासून हे १० तास दोन भागांत विभागता येतात, पण त्यांपैकी किमान ७ तासांचा भाग बर्थमध्येच घ्यावा लागतो आणि दुसरा भाग किमान २ तासांचा असावा लागतो. दोन चालकांच्या गाडीत एक जण चालत्या ट्रकमध्ये झोपला तरी तो वेळ तेथे विश्रांतीत धरला जातो. मात्र झोपलेल्याला रोखून धरणारा पट्टा किंवा जाळी बर्थला असणे बंधनकारक आहे. युरोपात तोच वेळ रोजच्या विश्रांतीत मोजला जात नाही. सीमा ओलांडणाऱ्याने म्हणून सवयीवर न जाता त्या देशाचा नियम पाहावा.

मद्याबद्दलची समजूतही इथेच निकालात काढू. “चालवत नाही, नुसता झोपलो आहे” हे उत्तर सगळीकडे चालत नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यानुसार मर्यादेबाहेर प्यालेला माणूस वाहन केवळ ‘ताब्यात’ असल्यामुळेही दोषी ठरू शकतो, आणि त्या अवस्थेत ते चालवण्याची शक्यता नव्हती हे दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. शिवाय मद्याने झोप लवकर लागली तरी उत्तररात्री ती मोडते आणि घोरणे वाढते.

तिसरी पायरी: हवा आणि इंजिन

या पायरीवर घाई करू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. जागा असलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ, चक्कर अशी सूचना मिळते. झोपलेल्याला ती मिळेलच असे नाही. “डिझेलच्या धुरात हा वायू नसतो” ही समजूत अर्धसत्य आहे, कारण पेट्रोलपेक्षा तो कमी असतो, पण असतो. सायलेन्सरला भोक पडलेले असेल, केबिनच्या तळाची रबरे झिजलेली असतील किंवा धुराच्या नळीचे तोंड बर्फाने बुजले असेल, तर तो आत साठू शकतो. “काच बोटभर उघडी ठेवली की झाले” यावरही विसंबू नये. वारा मागून असेल तर त्याच फटीतून आपला किंवा शेजारच्या गाडीचा धूर आत येतो.

म्हणून झोपताना इंजिन बंद करावे. त्यात पैशांचीही बचत आहे: मोठ्या ट्रकचे इंजिन उभ्या गाडीत चालू राहिले तर वातानुकूलनासह तासाला सुमारे ३ लिटर डिझेल जाते, म्हणजे आठ तासांच्या झोपेला २४ लिटर. कॅलिफोर्नियात तर २००८ पासून झोपण्याची सोय असलेल्या ट्रकलाही इंजिन पाच मिनिटांपेक्षा जास्त रिकामे चालू ठेवण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. भारतात १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे, परंतु मूळ वातानुकूलन सामान्यतः इंजिनावरच चालते, हे रात्रीचा विचार करताना विसरू नये. बॅटरीवर चालणारे स्वतंत्र वातानुकूलन, किंवा थंडीत, जळणासाठी लागणारी हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडणारा डिझेल हीटर, हे खरे पर्याय आहेत. स्टोव्ह, गॅसची शेगडी किंवा निखारे आत कधीही ठेवू नयेत. निखारे तर धूर दिसत नाही म्हणून अधिक फसवे. कार्बन मोनॉक्साइडचा गजर देणारे छोटे यंत्र उशीच्या जवळ बसवावे आणि झोपण्यापूर्वी त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहावे.

चौथी पायरी: झोपणे आणि उठणे

दारे आतून लावावीत, पडदे ओढावेत, किल्ली आणि टॉर्च रोज एकाच ठिकाणी ठेवावेत, म्हणजे अंधारात हात आपोआप तिथे जातो. दार पट्ट्याने बांधून ठेवण्याची पद्धत काही जण सांगतात. तसे करायचे असेल तर तो पट्टा आग लागल्यास एका झटक्यात सुटतो की नाही, हे आधी स्वतः करून पाहावे. स्टिअरिंगवर डोके टेकून झोपणे ही झोप नव्हे. अंग पूर्ण पसरता आले पाहिजे. रोज घोरणाऱ्या आणि आठ तास झोपूनही पेंगणाऱ्या चालकाने गादी बदलण्याऐवजी झोपेतील श्वासरोधाची तपासणी करून घ्यावी.

थोडीच विसावण्याची वेळ असेल तर २० मिनिटांचा गजर लावावा. त्याआधी कॉफी घेतली तरी चालते, कारण कॅफिनचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो. पण रात्रीच्या झोपेपूर्वी तीच कॉफी नको, कारण पाच तासांनीही तिचे जवळपास अर्धे कॅफिन शरीरात असते.

उठल्याबरोबर गाडी काढू नये. झोपेची सुस्ती १५ ते ३० मिनिटे, दमलेल्या माणसात त्याहूनही जास्त, टिकते आणि तेवढा वेळ निर्णय चुकतात. तो वेळ गाडीभोवती फिरण्यात घालवावा: टायर, दिवे, मालाचे कुलूप आणि सील, डिझेलच्या टाकीचे झाकण, ट्रेलरची जोडणी आणि गाडीखाली कोणी झोपलेले नाही ना हे वाकून पाहणे. ठोकळे काढण्याचे काम मुद्दाम शेवटी ठेवावे, आणि ते मोजून जागेवर गेल्याशिवाय किल्ली फिरवू नये.