भारवाहक भिंत उघडून घर वाढवताय? या चुका टाळा

कोल्हापुरात जुनं घर वाढवायचं म्हटलं की मागणी बहुतेक एकाच साच्यातली असते. मग राजारामपुरीतला बंगला असो, नाहीतर मंगळवार पेठेतलं आजोबांच्या काळातलं घर. मागं परसात १० फूट जागा मोकळी आहे, तिथं खोली काढायची, स्वयंपाकघराची मागची भिंत पाडायची आणि दोन्ही मिळून एक ऐसपैस जागा करायची. नकाशावर एक रेघ खोडली की काम झालं. पण त्या रेघेवर वरच्या मजल्याची भिंत, दोन स्लॅब, गच्चीवरचा कोबा आणि बऱ्याचदा पाण्याची टाकीही उभी असते. टाइल्सचा रंग ठरवायला घरातले सगळे चार दुकानं पालथी घालतात आणि भिंतीचा विषय मात्र "बीम टाकू की वर" एवढ्यावर संपतो. इथंच घोडं पेंड खातं.

भिंत पाडली म्हणून तिच्यावरचा भार कमी होत नाही. तो बीमवरून दोन टोकांना येतो आणि टोकांवरून घराच्या पायात उतरतो. पुढच्या बहुतेक चुका हा रस्ता अर्ध्यातच सोडून दिल्यानं होतात.

भिंत ओळखण्यातली गफलत

मिस्त्री भिंतीवर मूठ आपटतो आणि सांगतो, "पोकळ वाजतीया सायेब, काय भार न्हाई हिच्यावर." आवाजावरून प्लास्टर सुटलंय का ते कळतं, भार कळत नाही. ९ इंची भिंत म्हणजे भारवाहक आणि साडेचार इंची म्हणजे पार्टिशन हा ठोकताळाही अर्धाच खरा आहे. कॉलम-बीमच्या घरातही बाहेरच्या भिंती ९ इंची असतात आणि त्या नुसत्या मधली जागा भरायला बांधलेल्या असतात. उलट जुन्या घरात साडेचार इंची भिंतीवर माळ्याची तुळई टेकवलेली सापडते.

सगळ्यात फसवी असतात ती मिश्र घरं. तळमजला नुसत्या विटांवर बांधलेला, पुढच्या पिढीनं त्यावर कॉलम काढून मजला चढवलेला. वर कॉलम दिसतात म्हणजे खालीही असणार असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात तो कॉलम खालच्या विटांच्या भिंतीवरच संपलेला असतो, आणि कधी कधी तुम्ही पाडणार त्या जागेच्या अगदी मधोमध.

खात्री करायला फार काही लागत नाही. कोपऱ्यात आणि भिंतीच्या मध्यावर फूटभर प्लास्टर सोलून आत वीट आहे की काँक्रीट ते बघा. वरच्या मजल्यावर त्याच रेघेत भिंत येते का ते टेपनं मोजा, अंदाजावर जाऊ नका. स्लॅब साधारणपणे खोलीच्या आखूड अंगानं भार टाकतो, त्यामुळं मुख्य सळई कोणत्या दिशेनं गेली आहे ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. आणि बाहेरच्या बाजूनं एके ठिकाणी खड्डा काढून पाया किती खोल आणि किती रुंद आहे ते उघड्यावर बघा. हा खड्डा बहुतेक जण टाळतात. माझ्या मते सगळ्या तपासणीत तोच सर्वांत महत्त्वाचा.

बीमचा विचार होतो, बीमच्या टोकांचा होत नाही

एक ढोबळ हिशेब मांडतो. दुमजली घर आहे, मागच्या भिंतीत १० फुटांचा गाळा, म्हणजे भिंत काढून मोकळी केलेली जागा, काढायचा आहे आणि खोली १२ फूट खोल आहे. ५ इंची स्लॅब, फरशी, सामान आणि माणसं मिळून प्रत्येक चौरस फुटाला साधारण ६० किलो धरा. गच्चीवर कोब्याचं वजन असतंच. अर्ध्या खोलीचा भार या भिंतीवर येतो, म्हणजे १० गुणिले ६ असे ६० चौरस फूट, एका स्लॅबचे ३,६०० किलो. दोन स्लॅबचे सात टनांच्या वर गेले. वरच्या मजल्याची ९ इंची भिंत चौरस फुटाला ४५ किलोच्या आसपास, १०० चौरस फुटांची साडेचार टन. सगळं मिळून पावणेबारा टनांच्या घरात. नव्या खोलीचा स्लॅबही याच बीमवर टेकवला तर आणखी तीन टन.

म्हणजे बीमच्या प्रत्येक टोकाला सहा टनांच्या आसपास भार येणार. आता मिस्त्री सवयीनं बीम भिंतीत ६ इंच घुसवतो. ९ इंच बाय ६ इंच म्हणजे ३४५ चौरस सेंटिमीटर जागा, आणि तिच्यावर सहा टन. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला १७ किलो. साध्या विटांच्या भिंतीवर सुरक्षित भार धरतात तो चार-पाच किलो. तिप्पट-चौपट दाब! बीम कितीही दणकट असला तरी त्याच्याखालची वीट पिचते, आणि पहिली तिरकी भेग बीमच्या टोकापासून खाली उतरते.

यावर उपाय दोन. बीमच्या टोकाखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक घालून भार भिंतीच्या दोन-अडीच फूट लांबीवर पसरवायचा, किंवा दोन्ही बाजूंना स्वतंत्र पाया असलेले कॉलम काढायचे. कोणता उपाय घ्यायचा हे त्या खड्ड्यात दिसलेला पाया सांगतो. भिंतीचा पाया सलग पट्टीवर भार घ्यायला बांधलेला असतो, आता तोच भार दोन ठिकाणी एकवटणार. पंचगंगेच्या अंगाला काळ्या मातीत घर असेल तर मी कॉलमचाच आग्रह धरीन, कारण ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते.

शेजाऱ्यानं अमुक मापाचा गर्डर (लोखंडी बीम) घातला आणि त्याचं भागलं, म्हणून तोच आणू नका. त्याच्या घरावर वरचा मजला नसेल, खोली ८ फूट असेल. बीम तुटणं ही लांबची गोष्ट, त्याआधी तो वाकतो. वर विटांची भिंत असेल तर १० फुटांच्या बीमला पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त वाकू देता येत नाही, नाहीतर वरच्या मजल्यावर भेगा आल्याच.

गाळा कोपऱ्याला भिडवणं ही आणखी एक चूक. कडेला दोन विटांचा तुकडा कशाला ठेवायचा, सगळीच भिंत काढू, असं घरातल्यांना वाटतं. पण आडव्या भिंतीला धरून ठेवणारा कोपरा तोच असतो. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झालेला हा टापू आहे. भूकंपाचा विचार करून लिहिलेल्या आयएस ४३२६ या मानकात दुमजली विटांच्या घरात एका भिंतीतल्या सगळ्या दारा-खिडक्यांची मिळून रुंदी साधारण ४२ ते ५० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितली आहे. २० फुटांच्या भिंतीत आधीच चार फुटी खिडकी असेल तर १० फुटांचा गाळा बसत नाही. मग खिडकी बुजवा, किंवा गाळा लहान करा, किंवा इंजिनिअरकडून कॉलम-बीमची पूर्ण चौकट करून घ्या.

नवं जुन्याला चिकटवणं

जुन्या भिंतीत चर मारून नवा स्लॅब त्यात घुसवायचा ही आपल्याकडची सर्रास पद्धत. एक बाजूचे कॉलम वाचतात म्हणून सगळ्यांना बरी वाटते. पण जुनं घर बसायचं तेवढं कधीच बसून गेलेलं असतं, नवा पाया पहिल्या दोन-तीन वर्षांत बसतो. दोन्ही एकमेकांना घट्ट धरून असतील तर जोडावर भेग येणारच, आणि आपल्याकडच्या पावसात त्या भेगेतून पाणी आत यायला एक मोसम पुरतो. नवी खोली स्वतःच्या कॉलमवर उभी करा, मध्ये इंचभर फट सोडा, ती लवचीक सीलंटनं भरून वर पट्टी मारा. गच्चीवर जोडाला उंचवटा करून घ्या.

नवा पाया खणताना जुन्या पायाच्या तळाखाली, तेही सबंध लांबीभर एकदम, कधीच जाऊ नये. टप्प्याटप्प्यानं खणायचं, एक टप्पा भरला की पुढचा.

टेकू

आधी फोडायचं आणि मग टेकू लावायचे, असं काम मी पाहिलंय आणि मालकाला तिथंच थांबवायला लावलंय. भिंतीची एक वीटही निघायच्या आधी स्लॅबखाली जॅक, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे लोखंडी टेकू, लागले पाहिजेत. फक्त स्लॅबखालचे जॅक वरची भिंत तोलत नाहीत. तिच्यासाठी भिंतीतून आरपार लोखंडी तुकडे घालून दोन्ही बाजूंनी त्यांना जॅक द्यावे लागतात, साधारण तीन-तीन फुटांवर. जॅक नुसत्या फरशीवर उभे करू नका, खाली जाड फळी किंवा लोखंडी चॅनेल टाका. वरच्या मजल्यावरही टेकू लावायचे असतील तर ते खालच्यांच्या बरोबर रेघेत यावेत. आणि काम सुरू व्हायच्या आधी गच्चीवरची टाकी रिकामी करा, हजार लिटर म्हणजे एक टन.

फोडायला ब्रेकर मागवला की काम झटपट होतं, पण मातीत किंवा चुन्यात बांधलेली भिंत त्या हादऱ्यानं आसपासही सुटते. कटरनं कड कापून घ्या आणि छिन्नी-हातोड्यानं वरून खाली या.

काँक्रीटचा बीम ओतला तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे सहा मीटरपर्यंतच्या गाळ्याला टेकू किमान १४ दिवस ठेवायचे. "आठ दिवसांत काढू, काय हुईत न्हाई" याला मान हलवू नका. दुसरी अडचण अशी की काँक्रीट सुकताना आकसतं, त्यामुळं बीम आणि वरच्या भिंतीत केसाएवढी फट राहते. टेकू काढले की भिंत तेवढी खाली बसते. ती फट न आकसणाऱ्या ग्राउटनं (फटी भरायच्या सिमेंटच्या मसाल्यानं) ठासून भरल्याशिवाय जॅक सैल करू नयेत. लोखंडी गर्डरवरही तेच, आधी पोलादी पाचरी, मग ग्राउट.

पेठांमधल्या दगडी भिंती

इथं वेगळाच विचार लागतो. दीड-दोन फुटांची भिंत म्हणजे बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मध्ये माती-चिपांचा भराव. एकदम उघडली तर भराव वाळूसारखा गळत राहतो. अशा भिंतीत एका अंगानं अर्ध्या जाडीत गर्डर बसवायचा, तो पक्का झाला की दुसऱ्या अंगानं दुसरा, मग दोन्ही बोल्टनं एकत्र बांधायचे, आणि त्यानंतरच खालची भिंत काढायची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी शिरलेल्या भागात, शाहूपुरीची कुंभार गल्ली असो की सुतारवाडा, मातीतली भिंत आतून किती पोकळ झाली आहे ते आधी एक-दोन ठिकाणी उघडून बघा. भिंत शेजाऱ्याशी सामायिक असेल तर त्याची लेखी संमती हवी. नुसत्या तोंडी "करा की" वर राहू नका.

हंगाम आणि कागद

मे महिन्यात लग्न आहे म्हणून मार्चमध्ये भिंत फोडायला घेऊ नका. वळीव एप्रिलमध्येच गाठतो आणि उघडी भिंत भिजते. दिवाळीनंतर सुरू केलं तर सगळ्याला पुरेसा वेळ मिळतो.

भारवाहक भिंतीत बदल आणि वाढीव बांधकाम ही साधी दुरुस्ती धरली जात नाही. महापालिकेच्या नगररचना विभागाची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेला नकाशा लागतो, हद्दीबाहेर असाल तर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाची. पुढं घर विकताना किंवा कर्ज काढताना हेच कागद मागतात. ठेका देताना टेकू, बेड ब्लॉक आणि ग्राउट हे वेगळे लिहून घ्या. सगळं चौरस फुटाच्या दरात गुंडाळलं की पहिली काटछाट यांच्यावरच होते.

भेग दिसली तर

प्लास्टरवरची बारीक, इकडं-तिकडं पसरलेली जाळी फारशी चिंतेची नसते. गाळ्याच्या कोपऱ्यातून ४५ अंशांत निघालेली तिरकी भेग, बीमच्या वर आडवी गेलेली भेग, किंवा वरच्या मजल्यावरचं दार अचानक चौकटीत अडकू लागणं, ही खरी लक्षणं. भेगेवर लगेच पुट्टी मारू नका. दोन्ही कडांना धरून पीओपीचा ठिपका लावा आणि त्यावर तारीख लिहा. ठिपका तडकला म्हणजे भिंत अजून हलते आहे. शक्य तर भेगेची रुंदी दर आठवड्याला एकाच जागी मोजा, कारण इंजिनिअर आला की पहिली हीच नोंद मागेल.

भेग पाच मिलिमीटरच्या वर गेली, प्लास्टरचे तुकडे पडू लागले किंवा जॅक वाकलेला दिसला तर वरच्या मजल्यावरची माणसं आधी खाली आणा, गॅस आणि वीज बंद करा, मग टेकू वाढवा. उतरवलेले टेकू परत लावताना ते हातानं घट्ट बसतील एवढेच आवळा. स्लॅब वर उचलायचा प्रयत्न केला तर दुसरीकडं नवी भेग येते.

सगळं सुरळीत झालं असेल तर टेकू गाळ्याच्या मधून सुरू करून टोकांकडं, एकेक करत, थोडे थोडे सैल करा आणि रात्रभर तसेच उभे ठेवा. टाकी पहिल्या दिवशी अर्धीच भरा. दुसऱ्या दिवशी ठिपके तपासून मग पूर्ण.