शालेय कुस्तीत पंचांशी वागताना आणि पंच म्हणून वागताना या चुका टाळा

इंदूर जिल्ह्याच्या शालेय कुस्ती स्पर्धांत मी आधी अकरा वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून कोपऱ्यात, म्हणजे मॅटच्या कडेला प्रशिक्षकाच्या जागी, बसलो आणि त्यानंतर पंच म्हणून मॅटवर उभा राहिलो. या काळात मल्लांच्या कितीतरी तुकड्या आल्या आणि गेल्या, चुका मात्र त्याच राहिल्या. त्यांतल्या बहुतेक मुलांच्या नसतात. मुलाच्या मागे उभ्या असलेल्या उस्तादांच्या, शिक्षकांच्या, वडिलांच्या आणि आम्हा पंचांच्या असतात. ज्या चुकांनी मुलांचे खरोखर नुकसान होताना मी पाहिले, त्यांच्यावर येथे सविस्तर लिहितो. उरलेल्यांना एखादे-दुसरे वाक्य पुरेल.

कोपऱ्यातून गुण मागणे

ही चूक सर्वांत जुनी आहे आणि सर्वांत महाग पडते. मल्लाने पट काढला (पाय धरून खाली ओढण्याचा डाव), प्रतिस्पर्ध्याचा एक गुडघा मॅटला टेकला की कोपऱ्यातून दोन बोटे वर जातात आणि आरोळी येते, "दो पॉइंट, सर, दो!" वास्तविक तो गुण तेव्हा झालेलाच नसतो. पट काढून पाठीमागे जाऊन ताबा मिळवावा लागतो, आणि तो मिळाला की नाही हे तीन माणसे ठरवतात: मॅटवरचा पंच, बाजूला बसलेला जज आणि टेबलावरचा मॅट चेअरमन. या तिघांपैकी दोघांचे एकमत झाले तरच गुण लागतो. कोपऱ्यातला चौथा आवाज या हिशोबात कुठेच धरला जात नाही, परंतु एक माणूस तो आवाज नक्की ऐकतो, आणि तो म्हणजे लढत असलेला मुलगा.

काही वर्षांपूर्वी सतरा वर्षांखालील गटाच्या एका उपांत्य लढतीत मी पंच होतो. निळ्या पोशाखातला मुलगा तीन-एकने पुढे होता आणि चाळीस सेकंद उरले होते. त्याने सुंदर एकेरी पट काढला, पाय छातीशी धरला, लाल मल्ल एका हातावर आला. ताबा पूर्ण होण्यास अजून एक पाऊल बाकी होते. तेवढ्यात त्याच्या कोपऱ्यातून आरोळी आली, आणि त्या मुलाने मान वर करून आधी कोपऱ्याकडे व मग माझ्या हाताकडे पाहिले. माझा हात खालीच होता. पायावरची त्याची पकड क्षणभर सैल झाली, लाल मल्ल वळून त्याच्या पाठीमागे गेला आणि त्याने ताब्याचे दोन गुण घेतले. लगेच भारंदाज (कमरेला मिठी घालून मॅटवर लोळवण्याचा डाव) घातला, दोन. पुन्हा घातला, आणखी दोन. तीन-एकची लढत तीन-सातने संपली. त्यानंतर तो प्रशिक्षक टेबलापाशी येऊन पंचांनी दोन गुण खाल्ले म्हणून ओरडत राहिला. मुलगा रडत त्याच्या मागे उभा होता, आणि त्याने मान का वर केली हे त्याला कोणीही विचारले नाही.

दुसऱ्या वर्षी तोच मुलगा पुन्हा आला, आणि आता तो स्वतःच लढतीच्या मध्येच हात वर करून गुण मागत होता. या चुकीचा खरा तोटा हाच आहे. पंचांशी हुज्जत घालणे मुलाला कोणी वेगळे शिकवत नाही. कोपऱ्याकडे पाहून तो ते आपसूक उचलतो.

यावर माझा उपाय पुस्तकातला नाही. मी कोपऱ्यात बसत असे तेव्हा टॉवेलची दोन्ही टोके दोन मुठींत घट्ट धरून बसत असे, म्हणजे बोटे वर जाण्याची सोयच उरत नसे. बोलण्यासाठी मी तीनच गोष्टी ठेवल्या होत्या: उरलेला वेळ, गुणफलक आणि पुढचा डाव. "तीस सेकंद, एकने मागे, पट काढ." एवढे ऐकून मुलगा काहीतरी करू शकतो. "सर, दोन द्या" हे ऐकून तो फक्त थांबू शकतो.

वेळ संपण्याआधी लढत संपवणे

हीदेखील कोपऱ्यातूनच लागणारी सवय आहे. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ६५ किलो गटाच्या कांस्यपदकाच्या लढतीत मंगोलियाचा गांझोरिग मंदाखनारान उझबेकिस्तानच्या इख्तियोर नवरुझोवविरुद्ध एका गुणाने पुढे होता. शेवटच्या सेकंदांत तो लढणे सोडून विजय साजरा करू लागला, आणि लढत टाळल्याबद्दल त्याच्याविरुद्ध गुण दिला गेला. पदक हातचे गेले. त्यानंतर त्याच्या प्रशिक्षकांनी भर मॅटवर कपडे उतरवून निषेध केला, आणि त्यांच्यावर पुढे बंदी आली. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या क्रीडाशिक्षकाला मी ही लढत पाहायला सांगतो, आणि पाहताना मल्लाकडे न पाहता कोपऱ्याकडे पाहा असेही सांगतो.

मातीचे नियम मॅटवर आणणे

इंदूरची कुस्ती मातीतली. नागपंचमीच्या दंगलीत चितपट झाली की कुस्ती संपली, आणि प्रश्न पडलाच तर जुनी मंडळी मध्ये पडून निकाल लावतात, अशा वातावरणात आमचे बहुतेक उस्ताद वाढले. त्या मातीबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु मॅटवर मल्लाचा पाय कडेच्या नारिंगी पट्ट्याच्या बाहेर पडला की प्रतिस्पर्ध्याला एक गुण जातो, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न टेकताही कुस्ती संपते. सतरा वर्षांखालील मुलांना दोन-दोन मिनिटांचे दोनच भाग मिळतात, त्यात "दमवून मारू" हा मातीतला बेत बसत नाही. हे नियम परके मानण्याचे कारण नाही. याच शहराचे पप्पू यादव १९९२ला बार्सिलोना आणि १९९६ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये मॅटवरच खेळले होते.

अलीकडे याच जातीची एक नवी चूक दिसू लागली आहे. मुले मोबाइलवर अमेरिकेतल्या शाळांच्या कुस्त्या पाहतात आणि खालून सुटल्याबद्दल एक गुण मागतात. तो गुण तिकडच्या शालेय कुस्तीत आहे, कारण त्यांचा प्रकारच वेगळा आहे; आपल्या शालेय स्पर्धा ज्या फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन प्रकारांत होतात, त्यांत तो नाही. नियमावली मिळवून एकदा बसून वाचण्याऐवजी व्हिडिओ पाहून पंचांना शिकवायला येणारे शिक्षक मला फार अस्वस्थ करतात. ती नियमावली वाचायला दोन संध्याकाळी पुरतात.

रागाच्या भरात चॅलेंज

व्हिडिओची सोय असलेल्या स्पर्धांत प्रशिक्षकाला निर्णयाविरुद्ध दाद मागता येते, त्यासाठी तो मऊ ठोकळा मॅटवर टाकतो. चॅलेंज चुकले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो आणि त्या लढतीतला पुढचा हक्क जातो. मल्लाला ते नको असेल तर तो नाकारू शकतो, हे फार कमी मुलांना सांगितलेले असते. ठोकळा टाकण्याआधी मी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत असे, कारण पाय बाहेर पडला की नाही हे त्याच्या पायाला कोपऱ्यातल्या माझ्या डोळ्यांपेक्षा अधिक ठाऊक असते. त्याने मान हलवली नाही तर ठोकळा हातातच राहत असे. ज्या स्पर्धेत व्हिडिओ नाही, तिथे प्रेक्षकांतल्या काकांच्या फोनमधले चित्रण टेबलावर घेऊन येऊ नये. ते पाहिले जात नाही आणि पाहिले जाऊही नये.

छोट्या चुका, ज्यांना एकेक ओळ पुरे

नखे घरी कापून यावे. रुमाल जवळ ठेवावा. लढतीआधी आणि नंतर प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवताना त्याच्याकडे पाहावे. हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात वर होईपर्यंत मॅट सोडू नये आणि पंचांचा हात झिडकारू नये. हेडगिअर किंवा बूट फेकणाऱ्या मुलाला त्याच्या शिक्षकाने तिथल्या तिथे परत पाठवून उचलायला लावावे. दुसऱ्या दिवशी समज देण्याचा काहीच उपयोग नसतो.

पंचांनी टाळायची चूक: परतफेडीचा गुण

आता आमच्या बाजूचे. पंचांचा मान राखा असे सांगणारे लोक पंचांच्या चुकांवर बोलत नाहीत, म्हणून त्यांचे म्हणणे कोणी ऐकत नाही. पंच चुकतात, मीही चुकलो आहे. परंतु एक चूक दुसऱ्या चुकीने भरून काढणे हे मी सर्वांत वाईट मानतो.

पंच म्हणून ते माझे तिसरे वर्ष होते. चौदा वर्षांखालील मुलांची लढत होती. निळ्या मुलाचा पाय नारिंगी पट्ट्यातच होता, आणि मी तो बाहेर गेला असे समजून लाल मुलाला एक गुण दिला. मी चुकीच्या बाजूला उभा होतो, जजला समोरच्या पाठीमुळे दिसले नव्हते, आणि हात खाली आणता आणताच मला ते कळले. प्रेक्षकांतून ओरड सुरू झाली. त्या वेळी लढत थांबवून जज आणि मॅट चेअरमन यांच्याशी बोलण्याचा मार्ग मोकळा होता. मी तो घेतला नाही. मिनिटभराने मी लाल मुलाला निष्क्रिय, म्हणजे लढणे टाळणारा, ठरवले, तीस सेकंदांत त्याला गुण मिळवता आला नाही आणि निळ्याला एक गुण मिळाला. मनातल्या मनात मी हिशोब पूर्ण केला होता. लढत चार-चार अशी बरोबरीत संपली. अशा वेळी आधी मोठ्या मोलाची पकड कोणाची, मग ताकिदी कोणाला कमी, आणि तिथेही फरक नसेल तर शेवटचा गुण कोणाचा, असे पाहिले जाते. शेवटचा गुण निळ्याचा होता, तोच मी दिलेला. लाल मुलाने दोन्ही वेळी काहीही गैर केले नव्हते. निळ्या मुलाचा हात वर करताना दुसऱ्या हातात मी त्या लाल मुलाचे मनगट धरले होते, आणि तो मुलगा मला काहीच म्हणाला नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. शंका आली की शिट्टी, आणि दोघांना जवळ बोलावणे, मग मैदानात कितीही गोंधळ चालू असो. निर्णय बदलला तर दोन्ही कोपऱ्यांकडे पाहून स्पष्ट खूण करतो. आणि निर्णय बदलण्याची वेळ टळून गेली असेल, तर ती चूक तशीच माझ्या नावावर राहू देतो. तिची किंमत दुसऱ्या मुलाकडून वसूल करत नाही.

उरलेल्या चुका उभे राहण्याच्या आहेत. मल्ल उभे असताना फार जवळ गेल्यास पाय दिसत नाहीत. खाली आल्यावर लांब राहिल्यास खांदे दिसत नाहीत. पाठ टेकण्याची वेळ आली की पोटावर झोपून पाहावे, कपडे मळण्याची चिंता करू नये, आणि आपल्या अंगाने जज व मॅट चेअरमन यांची नजर अडवू नये, कारण त्यांच्यापैकी एकाने दुजोरा दिल्याशिवाय चितपट धरली जात नाही. मल्लांकडे पाठ कधीही करू नये.

एका दिवसाचे शिबिर करून दुसऱ्या आठवड्यात अंतिम लढत मागणारे तरुण पंच मला दरवर्षी भेटतात. डाव्या हाताला लाल पट्टी, उजव्या हाताला निळी, एवढे त्यांना पाठ असते. आरशासमोर खुणाही छान करतात. त्यांना मी पूर्ण एक मोसम गुणफलकावर बसवतो आणि दुसरा जजच्या खुर्चीवर. काही जण कंटाळून निघून जातात. जे थांबतात, त्यांच्या हाताची खूण संथ आणि ठाम होते, आणि ठाम खुणेवर कोपऱ्यातून आपोआप कमी आवाज येतो.

हात उगारण्यापर्यंत गोष्ट जाऊ देणे

मे २०२२मध्ये दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत एका मल्लाने पंचांवर हल्ला केला आणि त्याच्यावर आजन्म बंदी आली. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीनंतर पंचांना लाथ मारली गेली, आणि तीन वर्षांची बंदी झाली. हे मल्ल शाळेतले नव्हते, परंतु ते कधीतरी शाळेत होतेच, आणि पहिल्यांदा बूट फेकला तेव्हा कोणीतरी मोठे माणूस जवळ उभे असणार. कोपऱ्यातल्या शिक्षकाला मॅट चेअरमनने आधी पिवळे आणि मग लाल कार्ड दाखवून बाहेर काढण्याची तरतूद नियमात आहे. शालेय स्पर्धांत आम्ही ती ओळखीपोटी वापरत नाही. ती वापरली पाहिजे, आणि पहिल्याच लढतीत वापरली पाहिजे.

निर्णय पटला नाही तर काय करावे, हे मी माझ्या मुलांना असे शिकवत आलो. त्या क्षणी काही बोलायचे नाही, हात मिळवायचा आणि खाली उतरायचे. पाणी प्यायचे, काहीतरी खायचे, अर्धा तास जाऊ द्यायचा. मग पंच मोकळे दिसले की एकट्याने जायचे, आईवडिलांना सोबत न्यायचे नाही, आणि विचारायचे, "सर, तो गुण मला का मिळाला नाही? माझे कुठे चुकले?" पंचाने त्या वेळी खुर्चीवरून उठून, शक्य असेल तर मुलाला मॅटवर नेऊन, पाय कुठे होता आणि हात कुठे होता ते दाखवावे. मागच्या मोसमात नववीतली एक मुलगी अशी माझ्याकडे आली. पाच मिनिटे आम्ही तो पट पुन्हा करून पाहिला, आणि तिसऱ्यांदा करताना तिने स्वतःच डावा गुडघा एक वीत पुढे सरकवला.