पाणी चढायच्या आत: डोमेन आणि सर्टिफिकेटची तयारी

सांगलीत मे संपत आला की घरोघरी माळ्यावर काय चढवायचं याची बोलणी सुरू होतात. डोमेन, म्हणजे ऑफिसातल्या विंडोज संगणकांचं सामायिक जाळं, सांभाळणाऱ्यानं त्याच आठवड्यात रूट सीएची (बाकी सगळ्या सर्टिफिकेटांना खरं ठरवणारं मूळ यंत्र) सीआरएल (रद्द सर्टिफिकेटांची यादी, तिला मुदत असते) कधी संपते ते बघावं. बाकीचं मागंपुढं झालं तरी चालेल, हे नाही. 2019 च्या फेब्रुवारीत मी काढलेली सीआरएल 26 आठवड्यांची होती, म्हणजे संपली नेमकी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, तेव्हा पाणी 57 च्या वर गेलं. रूट सीएचा लॅपटॉप गावभागातल्या लॉकरमध्ये आणि लॉकरकडं जायला बोट. इकडं कुपवाडला वीज गेली, आली, सर्व्हर उठला. पण सर्टिफिकेट देणारी सेवा काही सुरू होईना. रूटची सीआरएल शिळी, म्हणून तो सर्व्हर स्वतःचंच सर्टिफिकेट खरं मानायला तयार नाही. सर्टयुटिल या विंडोजच्या कमांडनं ती तपासणी सैल करून सेवा उठवली, तरी यादी शिळीच, म्हणून घरून व्हीपीएन जोडणारे पाणी ओसरेपर्यंत बाहेरच राहिले. आणि सैल केलेलं पुन्हा आवळायची आठवण मला दिवाळीत झाली.

तेव्हापासून लॅपटॉप मेमध्येच बाहेर काढतो. उघडल्यावर पहिल्यांदा घड्याळ बघायचं. महिनोन्‌महिने बंद पडलेल्या मशीनचा बटन सेल मेलेला असतो, तारीख कुठल्या तरी जुन्या सालात गेलेली असते, आणि त्या तारखेनं काढलेली सीआरएल जन्मतःच मेलेली. तारीख नीट करून नवी सीआरएल काढली की ती पेनड्राइव्हनं दोन्हीकडं न्यायची: ॲक्टिव्ह डिरेक्टरीतही (डोमेनची नोंदवही) आणि वेब सर्व्हरवरच्या फोल्डरमध्येही. दुसरी जागा हमखास विसरते. मग पीकेआयव्ह्यू (सर्टिफिकेटं आणि सीआरएल ठीक आहेत का ते दाखवणारा प्रोग्राम) उघडायचं आणि एकही लाल खूण उरली नाही याची खात्री झाल्यावरच चहाला उठायचं. सीएचा बॅकअप म्हणजे नुसता डेटाबेस नव्हे. खासगी की (सही करायची गुप्त किल्ली) आणि रजिस्ट्रीतली सेटिंग्ज त्यासोबत हवीतच, आणि तो सगळा ऐवज नदीपासून लांबच्या उंच इमारतीत ठेवावा.

डोमेन कंट्रोलरचं (लॉगिन तपासणारा सर्व्हर) काम तुलनेनं सरळ आहे. रेपॲडमिनची समरी (कंट्रोलर एकमेकांशी जुळतात का) आणि डीसीडायग (कंट्रोलरची तब्येत) चालवा, चुका पाऊस पडायच्या आत निस्तरा. पाचही फ्स्मो रोल (एका वेळी एकाच कंट्रोलरकडं असणारी खास कामं) कुठं आहेत ते बघा. मारुती चौकातल्या तळमजल्यावरच्या शाखेत एखादा राहिला असेल तर आजच हलवा. त्यातल्या पीडीसी एम्युलेटरची (सगळ्या डोमेनला वेळ देणाऱ्याची) वेळ बाहेरच्या खात्रीच्या घड्याळाशी जुळलेली हवी, कारण पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस (लॉगिनची ओळख पटवणारी पद्धत) दारातच अडवतो. सिस्टम स्टेटचा (कंट्रोलरची डिरेक्टरी आणि मुख्य सेटिंग्ज) बॅकअप ताजा ठेवा. डीएसआरएमचा (कंट्रोलर दुरुस्तीसाठी उघडायचा मोड) पासवर्ड प्रत्येक कंट्रोलरचा वेगळा असतो. तो वहीत लिहिलाय एवढ्यावर भागत नाही, एकदा त्यानं खरंच आत जाऊन बघा. पाण्यामुळं बंद ठेवलेला शाखेतला कंट्रोलर महिनाभरानं चालू केला तर हरकत नाही. टूमस्टोनची (खोडलेल्या नोंदीची खूण जपून ठेवायची) मुदत साधारण 180 दिवसांची असते; ती उलटून गेली असेल तर मात्र त्याला नेटवर्कला जोडूच नका. नोंदी साफ करून नवाच उभा करा.

बाहेरून घेतलेल्या वेबसाइटच्या सर्टिफिकेटांचं कॅलेंडर वेगळं ठेवा. 15 मार्च 2026 पासून त्यांची कमाल मुदत 200 दिवस आहे, 2027 च्या मार्चपासून 100, आणि 2029 मध्ये 47 होणार. हाताने बदलायचे दिवस संपले, एवढंच लक्षात ठेवा. विंडोज सर्व्हर 2016 वर अजून कुणी असेल तर त्याचा मायक्रोसॉफ्टचा आधार 12 जानेवारी 2027 ला सुटतो.

शेवटचं काम कागदाचं. कुणाला फोन करायचा, लॉकरची किल्ली कुणाकडं, पासवर्डचा लिफाफा कुठल्या कपाटात, हे सगळं आपण शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवतो आणि डोमेनच उठलं नाही की तो फोल्डर उघडत नाही. एक पान छापा, प्लॅस्टिकमध्ये घाला आणि वरच्या मजल्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.