ऑफिस इंटिरियरमध्ये यायचंय? आधी फॉल्स सीलिंगच्या वर बघा

इंटिरियर शिकलेल्या मुलामुलींचे पोर्टफोलिओ माझ्याकडे येतात, त्यात फ्लॅट आणि कॅफे भरपूर, ऑफिस क्वचितच. पुण्यात कामं मात्र ऑफिसचीच जास्त निघतात. हिंजवडी, खराडी, बाणेर, कुठे ना कुठे एखादा मजला तोडून नव्याने बांधणं चालूच असतं. म्हणून नव्यांसाठी हे लिहितेय.

मी या धंद्यात आले तेव्हा क्लायंटचा प्रश्न एकच असायचा: माणसं किती बसतील? क्युबिकल जाऊन चार बाय दोन फुटांची सलग टेबलं आली ती त्याच हिशोबाने. २०२० नंतर हिशोब फिरला. आठवड्यातून दोन-तीन दिवस येणाऱ्यासाठी कायमचं टेबल कशाला अडवायचं? मग टेबलं कमी, लॉकर जास्त, लहान मीटिंग रूम आणि एकट्याने कॉल घ्यायला फोन बूथ. गंमत अशी, की माणूस हिंजवडीचं ट्रॅफिक सोसून ऑफिसात पोचतो आणि दिवसभर हेडफोन लावून बंगळुरूच्या टीमशी बोलतो. त्यामुळे हल्ली हँडओव्हरनंतर पहिली तक्रार येते ती आवाजाची.

यातली मेख कॉलेजात फारशी कुणी सांगत नाही. मीटिंग रूमचं जिप्सम पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी थांबवलं, की आवाज वरच्या पोकळीतून आरामात पलीकडे उतरतो आणि अप्रेझलची बोलणी शेजारच्या टीमला ऐकू जातात. पार्टिशन स्लॅबपर्यंत न्यावं लागतं. आत रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज लोकर) भरायची, केबल ट्रे आरपार जाते तिथली फट बुजवायची, दाराखालची फट बंद करायची. आणि तरी संपत नाही. त्याच पोकळीतून एसीची हवा परत जात असेल, तर स्लॅबपर्यंतच्या भिंतीने तिची वाट बंद होते आणि खोली कोंदट होते. मग हवा जाईल पण आवाज अडेल अशी आतून अस्तर लावलेली डक्ट त्या भिंतीतून काढायची. हे एसीवाल्याशी भिंत उभी राहायच्या आधी बोलायचं असतं. खर्च कापायची वेळ आली, की बीओक्यूमध्ये, म्हणजे कामांच्या आणि मापांच्या यादीत, कुऱ्हाड आधी याच ओळींवर पडते, कारण हे काम फोटोत दिसत नाही. पडू देऊ नका. हवं तर रिसेप्शनचं महागडं व्हिनियर (खऱ्या लाकडाचा पातळ थर) काढून स्वस्तातलं लॅमिनेट लावा.

म्हणून मुलाखतीत मी थ्री-डी व्ह्यू बाजूला ठेवते आणि सीलिंगचं ड्रॉइंग मागते. दिवे, स्प्रिंकलर, स्मोक डिटेक्टर, एसीच्या जाळ्या एकमेकांच्या अंगावर न येता बसवलेल्या दिसल्या, की पुढचं बोलणं सोपं होतं.

साइटवरची भाषाही शिकून घ्या. आपलं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, मिस्त्री बोलणार इंच आणि सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत साधारण ३ मिमी. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक चक्कर मारा आणि प्लायवरचा शिक्का वाचा: आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचं, ७१० म्हणजे मरीन, पाण्यात टिकणारं. पँट्रीच्या सिंकखाली ७१०च.

आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी लागते. इंटिरियर डिझायनरला तशी सक्ती नाही, त्यामुळे डिप्लोमावाल्यांनाही इथे जागा आहे. पहिली नोकरी शक्यतो डिझाइन आणि बांधकाम दोन्ही करणाऱ्या कंपनीत धरा. तिथे रेट कळतात, भांडणंही कळतात. पगार आयटीतल्या मित्रांपेक्षा कमी असेल. वापरात असलेल्या इमारतीत ठोकाठोकीची परवानगी बहुतेक रात्री किंवा शनिवार-रविवारीच मिळते, तेव्हा सुट्टीचं आणि पेट्रोलच्या पैशांचं ऑफर लेटर घेतानाच विचारा. बाणेरच्या ऑफिसातून खराडीची साइट बघायची म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं असतं.